काकूंचे दोन आकडे

काकूंनी आयुष्यात कधी ताशी सत्तरच्या वर गाडी चालवलेली नाही. त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक लहानसं करडं चार दारांचं खेळणं, आणि तेही त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, रस्त्याच्या कडेकडेने नेतात. तरीही आमच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात अडीचशेच्या वेगाने धावणारी गाडी आली, की विकणारा आणि घेणारा दोघंही आधी काकूंच्या टेबलाकडे बघतात.

माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागूनच आहे. गाडी विकली गेली की मालकाचं नाव बदलायचे कागद मी भरून देतो. पंधरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे जे सांगतोय त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं काकूंच्या यजमानांनी सांगितलेलं. त्यांना सगळा बाजार काका म्हणतो, आणि त्यांच्या सांगण्यात तिखटमीठ थोडं जास्त असतं हे मला ठाऊक आहे.

काकू आधी सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होत्या. एकोणीस वर्षं. समोर लाकडी फळी, मागे छतापर्यंत खोकी, आणि दिवसभर येणारे मेकॅनिक. कुणाला ब्रेकच्या तबकड्या हव्यात, कुणाला क्लचप्लेट, कुणाला नुसता एक रबरी वायसर. बाकीचे माल देऊन मोकळे व्हायचे. काकू मात्र विचारायच्या, "कुठल्या गाडीला? किती चाललीये? मागच्या वेळी कधी बदलली होती?" आणि ते एका जाड वहीत टिपून ठेवायच्या. मालक चेष्टा करायचे, "काकू, तुम्ही काय गाड्यांच्या पत्रिका मांडताय की काय?" पण पाच-सहा वर्षांत त्या वहीत असं काही जमा झालं, जे कुणाजवळच नव्हतं. कुठली गाडी मालकाला दर वर्षी किती खर्चात पाडते, कुठली गुपचूप चालते, कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स साठ हजार किलोमीटरला हटकून रडतो, ते काकूंना पाठ झालं. गाडी बनवणाऱ्याला ती नवी कशी असते ते माहीत असतं. काकूंना ती म्हातारी होताना कशी वागते ते माहीत होतं.

काकांनी उरलेलं शिकवलं. ते गाड्यांना रंग देणारे. फवाऱ्याच्या रंगाने छाती खराब झाली म्हणून पन्नाशीतच काम सोडावं लागलं, पण नजर शाबूत. दाराच्या कडेवरून बोट फिरवून ते सांगायचे, इथे ठोकलेली आहे, आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीये, वरून रंग मारलाय. काकूंनी हे सगळं त्यांच्याकडून घेतलं, आणि वर एक लोहचुंबक घेतलं. पत्र्याला चुंबक चिकटलं नाही, म्हणजे तिथे पत्रा नाही, लांबी आहे. सोपं.

मालकांच्या मुलांनी दुकान विकलं तेव्हा काकू सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. दुसरी एखादी घरी बसली असती. काकूंनी बाजारात, वजनकाट्याशेजारच्या पत्र्याखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकल्या. फी ठरलेली. आगाऊ. गाडी लहान असो की मोठी, माणूस ओळखीचा असो की परका, फी तीच. पहिल्या महिन्यात सातजण आले. दुसऱ्या वर्षी लोक रांगेत उभे राहायला लागले.

त्यातही त्यांचं नाव झालं ते मोठ्या गाड्यांमुळे. दोन दारं, लांबलचक नाक, आत आठ सिलिंडरचं इंजिन, आणि मागच्या चाकांत एवढी ताकद की नवखा माणूस पहिल्याच वळणावर आडवा होतो. मसल कार म्हणतात त्यांना. काका त्यांना पहिलवान म्हणतात. "पहिलवान घरी आणणं सोपं," ते सांगतात, "खुराक कोण पुरवणार?"

या पहिलवानांच्या बाबतीत माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मी रोज बघतो. इंजिन सुरू झालं, जमीन थरथरली, की भले भले हिशेबी लोक लहान मुलासारखे होतात. काकूंचंही एकदा झालं होतं, आणि त्या ते लपवत नाहीत.

एक पोहणं शिकवणारे सर होते. त्यांना हिरव्या रंगाची एक गाडी आवडली. काकूंनी ती तपासली. इंजिन चोख, पत्रा सरळ, रंग मूळचा. काकूंनी किंमत लिहून दिली आणि ती बरोबरच होती. पण काकू स्वतःच त्या गाडीवर एवढ्या खूश झाल्या की पुढचं बोलायच्या राहून गेल्या. आठ महिन्यांनी सर परत आले. भांडायला नाही. त्यांनी खिशातून पावत्यांची गड्डी काढून टेबलावर ठेवली. मागची दोन टायर्स, क्लच, ब्रेक, विमा, आणि पेट्रोलच्या पावत्यांचा तर गठ्ठाच. सर म्हणाले, "काकू, किंमत तुम्ही बरोबर सांगितली होती. पण ती मला एकदाच द्यायची होती. हे सगळं रोज द्यावं लागतंय."

काकूंनी त्यांना फी परत केली. नको नको म्हणत होते, तरी केली. ती गाडी विकून देण्यासाठी तीन महिने खटपट केली, आणि सरांचं फारसं नुकसान होऊ दिलं नाही. त्या दिवसापासून काकूंच्या कागदावर दोन आकडे आले. पहिला, गाडीची आजची किंमत. दुसरा, ती वर्षभर सांभाळायला किती लागेल. पहिला आकडा विकणाऱ्याला झोंबतो, दुसरा घेणाऱ्याला. मग जो बोलतो, तो शुद्धीवर येऊन बोलतो.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. बोटांच्या नखांत निळा रंग अडकलेला. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता. चष्म्याची भिंगं घासणारा कारागीर. लग्न केलं नाही. मागे राहिलं ते एक भाड्याचं गॅरेज आणि त्या गॅरेजमध्ये एक पिवळी गाडी. एकाने ती बारा लाखांना मागितली होती, पण बाईंना वाटलं, सही करण्याआधी कुणालातरी विचारावं.

"मला ती गाडी डोळ्यांसमोर नकोय," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर तिच्यावर पैसा उधळला त्याने. धड घर घेतलं नाही, धड कपडे घेतले नाहीत. दर रविवारी पहाटे उठून तिला फिरवायचा. मी म्हणायचे, अरे, हत्ती पोसतोयस तू! तर हसायचा नुसता."

काकू म्हणाल्या, "बघू तर द्या हत्ती."

त्या दिवशी माझ्याकडे काम नव्हतं, म्हणून मीही गेलो. गॅरेज एका गल्लीच्या टोकाला होतं. शटर वर केलं. आत तेलाचा वास, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, आणि मध्ये सुती आच्छादनाखाली गाडी. आच्छादन ओढल्यावर मी तोंडात बोट घातलं. काकूंनी नाही घातलं. त्यांनी पिशवीतून चुंबक, टॉर्च आणि भिंग काढलं, पदर खोचला आणि कामाला लागल्या.

दोन तास. मी घड्याळ लावून सांगतो. आधी पत्रा, मग दारांच्या फटी, एकसारख्या आहेत का. मग बोनेटचे बोल्ट, कारण पाना लागला की बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडतो. काचांच्या कोपऱ्यांतले छापे वाचले, सगळ्या एकाच वर्षाच्या आहेत का म्हणून. सीटचे पट्टे ओढून त्यांच्या मुळाशी शिवलेली चिठ्ठी पाहिली. पट्टा सहसा कुणी बदलत नाही. बदलला असेल तर मोठा अपघात झालेला असतो. मग काकू चटई घालून गाडीखाली शिरल्या. चोपन्नाव्या वर्षी! बाई घाबरून म्हणाल्या, "अहो, जपून." आतून आवाज आला, "मी ठीक आहे. तुमचा भाऊ इथे खालीसुद्धा फडकं मारायचा का हो?"

शेवटी त्यांनी चासीवरचा नंबर भिंगाने वाचला, मग इंजिनावरचा. दोनदा वाचले. मला लिहून घ्यायला सांगितले. मग हात पुसत विचारलं, "त्याने काही कागद ठेवलेत का?"

बाईंनी फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात बावीस वर्षांची एक वही. एवढ्या बारीक अक्षरात, की भिंग घासणाऱ्यानेच लिहावं. किती तेल घातलं, किती पेट्रोल, कुठला रविवार, किती किलोमीटर, हवा कशी होती. गॅरेजच्या भाड्यासकट सगळं.

काकू स्टुलावर बसल्या आणि वही वाचायला लागल्या. मध्येच हसल्या. बाईंनी विचारलं, काय झालं. काकूंनी वाचून दाखवलं, "'आज ताईला गाडीत बसवलं. चिडली होती. पुलावरून परत येताना चिडली नव्हती.'"

बाई भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिल्या.

काकूंनी मग मांडून दाखवलं. भावाने गाडी चौदा लाखांना घेतली होती, तीन वर्षं वापरलेली. त्यानंतर दर वर्षी सरासरी ऐंशी हजार खर्च केले. बावीस वर्षांचे झाले साडेसतरा लाखांच्या वर. एकूण साडेएकतीस. "आणि आज ही गाडी चौतीस लाखांची आहे," काकू म्हणाल्या.

"किती?"

"चौतीस. अशा गाड्या आधी घसरतात. दहा-बारा वर्षं कुणी विचारत नाही, पोरं त्यांची ठोकून वाट लावतात. मग उरतात मोजक्या. त्या मोजक्यांत जी मूळची असते, जिचं इंजिन तिचंच असतं, जिची वही असते, तिची किंमत चढायला लागते. ही तशी आहे. तुमच्या भावाला बावीस वर्षांचे रविवार फुकट पडले, बाई. वर दोन-अडीच लाख उरतायत."

बाईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं. काकू थांबल्या, आणि मग स्वतःच पुढे म्हणाल्या, "हेच पैसे बँकेत ठेवले असते तर जास्त झाले असते, ते मी लपवणार नाही. पण बँकेत बसून पुलावर फिरायला जाता येत नाही."

बाई हसल्या. रडता रडता हसल्या. "मूर्ख नव्हता म्हणजे तो," असं काहीतरी म्हणाल्या.

काकूंनी कागद लिहिला, सही केली. निघताना सहज विचारलं, "बारा लाख कोण देत होतं?"

बाईंनी नाव सांगितलं, आणि काकूंचा हात पिशवीच्या बंदावरच थांबला. तो काकूंचा धाकटा दीर होता.

दिराचं बाजारात सगळ्यांत मोठं दुकान. काचेची दर्शनी बाजू, आत गुळगुळीत फरशी, आणि फरशीवर ओळीने उभ्या पहिलवान गाड्या. आम्ही त्याला पाठीमागे 'काचवाला' म्हणतो. वाईट माणूस नाही. काकांची छाती बिघडली तेव्हा दवाखान्याचं बिल यानेच भरलं होतं, आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण गाडी विकत घेताना तो वेगळाच माणूस असतो. पेट्रोल पिते, भाग मिळत नाहीत, गिऱ्हाईक कुठे आहे, हे सगळं तो अशा सहानुभूतीने सांगतो की विकणाऱ्याला वाटतं, हा आपल्यावर उपकारच करतोय.

दुसऱ्या दिवशी तो काकूंच्या टेबलापाशी आला. मी शेजारी होतो. मान खाली घालून फॉर्म भरत होतो, पण कान काही खाली घातले नव्हते.

"वहिनी, त्या पिवळ्या गाडीचं काय लिहून दिलंत?"

"जे आहे ते."

"अहो, मी घरचा माणूस. निदान मला एक फोन तरी करायचा. मी बोलणी केलेली होती."

"भाऊजी, मला ठाऊक नव्हतं तुम्ही आहात. ठाऊक असतं तरी तेच लिहिलं असतं."

"चौतीस! कोण देणार चौतीस? दोन वर्षं उभी आहे ती. आत इंजिनात काय झालंय कुणाला माहीत?"

"मग बारा कशाच्या जोरावर देत होतात?" काकूंनी शांतपणे विचारलं. "मेलेल्या इंजिनाचे बारा जास्त होतात."

काचवाला लाल झाला. "दादाच्या आजारपणात मी..." एवढं बोलला आणि स्वतःच थांबला.

काकूंनी पेन खाली ठेवलं. "ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. त्यासाठी तुम्ही माझ्या घरी कधीही या, माझं काय हवं ते मागा. पण या टेबलावरचा आकडा माझा नाही, गाडीचा आहे. तो मी तुम्हाला कसा देऊ?"

तो पाय आपटत गेला. आणि चार दिवसांत बाजारात कुजबुज सुरू झाली. पिवळी गाडी खरी नाही म्हणे. मूळची साधी सहा सिलिंडरची, नंतर कुणीतरी मोठं इंजिन बसवलं. काकूंचे आता डोळे गेले, भावनेच्या भरात लिहून दिलं, वगैरे. कुणी पसरवलं ते सांगायची गरज नाही. दोन गिऱ्हाइकं बाईंच्या गॅरेजच्या शटरपर्यंत येऊन परत गेली.

काका मला नंतर सांगत होते, त्या दिवशी घरी त्यांनी विचारलं, "मी बोलू का त्याच्याशी? थोरला आहे मी." काकू कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही थोरले आहात, पण गाडी तुम्ही पाहिलेली नाही. मी पाहिलीये. मला बोलू द्या." काका म्हणतात, "मी गप्पच बसलो. हिच्या हातात कणीक असली की मी वाद घालत नाही."

काकूंनी बाजारातल्या फळ्यावर खडूने लिहिलं: शनिवारी सकाळी दहा वाजता पिवळी गाडी सगळ्यांसमोर उघडून तपासली जाईल. ज्याला शंका असेल त्याने यावं.

शनिवारी दहाला बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. विक्रेते, मेकॅनिक, टायरवाले, विम्याचे एजंट, झाडून सगळे. मधोमध गॅरेजमधून ओढून आणलेली पिवळी गाडी. बाई काकांच्या शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. काचवाला घोळक्याच्या मागे, हाताची घडी घालून.

काकूंनी आधी चासीचा नंबर दाखवला. त्यातलं एक ठरावीक अक्षर कारखान्यातून कुठलं इंजिन बसून निघालं ते सांगतं. सहा सिलिंडरला वेगळं, आठला वेगळं. हातात काउंटरच्या काळातली वही होती, तिच्यात ही अक्षरं टिपलेली. "ज्याला वाचता येतं त्याने पुढे येऊन वाचावं," त्या म्हणाल्या. चौघं पुढे आले, भिंगातून बघितलं, वहीशी ताडून पाहिलं आणि माना डोलावल्या. मग इंजिनावरचा नंबर. जुळला. घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "खरी आहे की!" मागे काचवाल्याने फक्त हाताची घडी बदलली.

मग दाबाची तपासणी. एकेक प्लग काढायचा, तिथे काट्याचं यंत्र लावायचं आणि इंजिन फिरवायचं. आत दाब किती धरला जातो ते काट्यावर दिसतं. काकूंच्या ओळखीचे एक वयस्कर मेकॅनिक हे करत होते आणि मोठ्याने आकडा सांगत होते. एक नंबर, एकशे बावन्न. दोन, एकशे पन्नास. तीन, एकशे त्रेपन्न. चार, पाच, तसेच. लोकांचे चेहरे खुलत चालले होते.

"सहा नंबर," मेकॅनिक म्हणाले, आणि थांबले. यंत्र काढून पुन्हा लावलं. पुन्हा फिरवलं. "एकशे पाच."

घोळका हलला. बाईंनी काकांचा हात धरला. काचवाला मागून बोललाच, "वहिनी, आता?"

काकूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी तेलाचा डबा मागवला. "सहा नंबरमध्ये चमचाभर तेल घाला आणि पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. एकशे चाळीस. सात आणि आठ नंबर मग ठीकच निघाले.

"तेल घातल्यावर दाब चढला," काकू सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे पिस्टनच्या रिंगा चिकटल्यात. दोन वर्षं उभी आहे ना. व्हॉल्व्ह गेला असता तर तेलाने फरक पडला नसता. आठवडाभर चालवली तर सुटतीलही. पण 'सुटतीलही' या शब्दाला मी किंमत लावत नाही. इंजिन उघडून रिंगा बदलायच्या म्हटलं तर एक लाख चाळीस हजार लागतात." त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, सगळ्यांसमोर चौतीसवर आडवी रेघ मारली, खाली बत्तीस लाख साठ हजार लिहिलं आणि नव्याने सही केली. "हा आजचा आकडा. आणि दुसरा, सांभाळायचा. वर्षाला एक लाख दहा हजार, तेही पाय आवरता ठेवला तर. बावीस वर्षांच्या सरासरीचा ऐंशीचा हिशेब आता चालायचा नाही, पेट्रोल वाढलंय."

मला वाटलं होतं, किंमत उतरली म्हणून लोक कुजबुजतील. झालं उलटंच. एका क्षणात सगळं निवळलं. ज्या काकूंनी भर बाजारात स्वतःचा आकडा स्वतः खोडला, त्यांच्या उरलेल्या आकड्यावर शंका कोण घेणार?

घोळक्यात जनावरांची एक डॉक्टर होती, चाळिशीची, पायात मातीचे बूट. ती पुढे आली. तिने पहिल्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "यात टायर धरलेत?"

"मागचे दोन्ही, तीन वर्षांतून एकदा."

"आणि रविवारीच चालवली तर?"

"तर नव्वदमध्ये भागेल. पण दर रविवारी चालवायला हवी. उभी ठेवलीत तर जास्त महाग पडेल, ते आत्ता पाहिलंतच."

मग ती खुर्चीवर बसलेल्या बाईंकडे गेली, आणि दोघी गाडीत जाऊन बसल्या. काचा वर. काय बोलल्या कुणाला ऐकू आलं नाही. दहा मिनिटांनी उतरल्या तेव्हा सौदा तेहतीसला ठरला होता. वरचे चाळीस हजार वहीचे, असं डॉक्टर म्हणाली. ती वही तिला हवी होती. बाईंनी एक पान मात्र फाडून ठेवून घेतलं. कुठलं ते मी विचारलं नाही. नावबदलाचे कागद मीच भरले.

काचवाला दोन महिने काकूंच्या टेबलासमोरून गेला नाही. लांबून, टायरवाल्याच्या मागून वळसा घालून जायचा. घरीही आला नाही. काकांना ते लागत होतं, काकूंनाही लागत असणार. त्यांनी दिराच्या वाढदिवसाला नेहमीप्रमाणे डबा पाठवला. डबा धुऊन परत आला. रिकामा.

मग एका मंगळवारी तो आला. सरळ टेबलासमोर येऊन उभा राहिला. दुकानात तीन पहिलवान चार महिने उभे होते. लोक यायचे, बघायचे, आणि विचारायचे, काकूंचा कागद आहे का? नसला की निघून जायचे.

"तपासून द्या," तो म्हणाला.

"फी आगाऊ असते, भाऊजी."

"वहिनी, घरचा..." एवढं म्हणून त्याने स्वतःचंच हसू आवरलं, पाकीट काढलं आणि तिन्ही गाड्यांची फी मोजून ठेवली.

काकूंनी दोन दिवस घेतले. पहिल्या गाडीचा आकडा त्याच्या अपेक्षेपेक्षा वर निघाला, दुसरीचा जवळपास तेवढाच. तिसरी काळी होती, दिसायला तिघींत देखणी, आणि तिची मागची अर्धी बाजू दुसऱ्याच गाडीची कापून जोडलेली निघाली. काकूंनी चटईच्या खालचा जोड टॉर्चने दाखवला. काचवाला गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिला. ती त्याने स्वतः घेतली होती, स्वतः तपासून, रोख पैसे मोजून.

"मला फसवलं की हो," तो म्हणाला. आवाजात राग कमी आणि आश्चर्यच जास्त.

"ही रस्त्यावर विकू नका. वेग घेतला की मागचं मागे राहील. इंजिन आणि गिअरबॉक्स चांगले आहेत, तेवढे सुटे विका. निम्मे पैसे निघतील."

त्याने तसंच केलं. पहिल्या दोन गाड्या महिन्याच्या आत गेल्या, काकूंचा कागद काचेला आतून चिकटवून. आता तो गाडी विकत घेण्याआधीच काकूंना बोलावतो, आणि विकणाऱ्यासमोर आकडा मोठ्याने वाचू देतो. त्याचा नफा दर गाडीमागे घटला आहे, गाड्या मात्र दुप्पट विकतो. पेट्रोल पिते, भाग मिळत नाहीत, हे तो अजून सांगतो. फरक एवढाच की आता घेणाऱ्यालाही सांगतो.

परवा रविवारी काकांकडे जेवायला होतो. काचवाला आधीच येऊन बसला होता. जेवताना त्याने सहज विषय काढला, एक लाल गाडी आलीये, तीस हजार किलोमीटरच चाललेली, मालक वीस लाख म्हणतो. काकूंनी वाढता वाढता विचारलं, "क्लचच्या पेडलचं रबर झिजलंय का?"

"झिजलंय थोडं."

"थोडं म्हणजे खाचा दिसतात की गुळगुळीत झालंय?"

तो आठवायला लागला. "गुळगुळीत," म्हणाला.

"मग तीस नाही, लाखाच्या पुढे चाललेली आहे. उद्या दहाला येते. भात घ्या."